बेस गिटारच्या पोटातली बॅटरी

ऑर्केस्ट्रात, चर्चच्या बँडमध्ये किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला बेस गिटार वाजवणाऱ्यांवर हा प्रसंग कधी ना कधी येतोच. काल रात्रीपर्यंत छान वाजणारी गिटार ऐन कार्यक्रमात फाटक्या आवाजात वाजू लागते आणि दोन गाण्यांत गप्प होते. अ‍ॅम्प चालू, केबल नवीन, तारा शाबूत. शेवटी साउंडवाला विचारतो, "बॅटरी कधी बदलली होती?" गिटारला बॅटरी असते हे काहींना तेव्हाच पहिल्यांदा कळतं.

ही बॅटरी ज्या छोट्या सर्किट बोर्डासाठी असते, त्याला ऑनबोर्ड प्रीअ‍ॅम्प म्हणतात. गिटारच्या लाकडातच तो बसवलेला असतो. पिकअपचा, म्हणजे तारांची थरथर पकडणाऱ्या भागाचा, नाजूक सिग्नल केबलमध्ये शिरण्याआधी तो सावरून घेतो आणि खर्ज, ट्रेबल कमीजास्त करायचे नॉब वाजवणाऱ्याच्या हाताशी आणून देतो. साध्या गिटारमध्ये तो नंतरही बसवता येतो. पण काही बिनसलं की सगळ्यांचा पहिला संशय त्या बोर्डावर जातो, आणि बोर्ड तर क्वचितच बिघडतो. दगा देतात त्या आजूबाजूच्या किरकोळ वस्तू: बॅटरीची क्लिप, केबल खुपसायचा जॅक, ग्राउंडची म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेची एखादी वायर.

बॅटरीशिवाय काय अडतं?

तसं पाहिलं तर काहीच नाही. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या वायरचे हजारो वेढे. वरची स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज तयार होते. लिओ फेंडर यांचा १९५१ चा प्रिसिजन बेस आणि १९६० चा जॅझ बेस याच तत्त्वावर चालतात, बॅटरीविना. अशा गिटारला पॅसिव्ह म्हणतात.

अडचण पुढे सुरू होते. गच्चीवरच्या टाकीतून अर्ध्या इंची पाइपने पाणी खाली येतंय असं समजा. सगळे नळ बंद असेपर्यंत दाब भरपूर वाटतो. तळमजल्यावर कोणी नळ सोडला की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते. टाकी भरलेलीच आहे, वाट अरुंद आहे. पिकअपची वाटही अशीच अरुंद असते आणि या अरुंदपणाला इंजिनिअर इम्पीडन्स म्हणतात. गिटारची केबल हा त्या पाइपवरचा उघडा नळ. साध्या केबलमध्ये दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड इतकी विद्युतधारकता असते. सहा-सात मीटरची केबल लावली की जॅझ बेससारख्या पिकअपचा साधारण ३,००० हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या कंपनांच्या) वरचा आवाज गळू लागतो. केबल लांबवली की ही हद्द आणखी खाली येते. स्टेज मोठं, केबल लांब आणि आवाज बोथट, अशी तक्रार असते ती यामुळेच.

प्रीअ‍ॅम्प पिकअपकडून जवळजवळ काहीच ओढून घेत नाही. दाब किती आहे एवढं पाहतो आणि बॅटरीच्या जोरावर तितकाच दाब रुंद पाइपने पुढे देतो. मग केबल दहा मीटरची असो वा तीनची, आवाजात फरक पडत नाही. त्याच्या या कामाला बफर म्हणतात. नॉब फिरवून आवाज बदलणं हे त्याचं दुसरं काम. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या अलेम्बिक कंपनीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अशी बॅटरीवाली वाद्यं हाताने बनवायला घेतली. १९७६ मध्ये म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे बेस आला आणि प्रीअ‍ॅम्प कारखान्यातूनच बसवून मिळू लागला. या कंपनीमागेही लिओ फेंडरच होते. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी बॅटरीविना बेस विकला, त्यांनीच आता बॅटरीचा कप्पा करून दिला.

"अ‍ॅम्पवर नॉब आहेतच की!"

हा आक्षेप रास्त आहे. घरी स्वतःच्या अ‍ॅम्पवर वाजवत असाल तर प्रीअ‍ॅम्पवाचून काही अडत नाही. पण आपल्याकडच्या बहुतेक कार्यक्रमांत बेस थेट मिक्सरला जातो आणि मिक्सर वीस-पंचवीस मीटर लांब दुसऱ्या कोणाच्या हातात असतो. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तारा आपटून, वाजवताना ट्रेबल चढवायचा आणि पुढच्या संथ गाण्याला उतरवायचा, तर हाताशी नॉब हवाच.

खर्जाच्या नॉबबद्दल मात्र सबुरी ठेवा. बेसची सर्वांत जाड तार, म्हणजे ई, मोकळी वाजवली तर ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. बऱ्याच प्रीअ‍ॅम्पचा खर्जाचा नॉब नेमक्या याच भागात जोर देतो. लहान स्पीकरमधून ४१ हर्ट्झ धड निघतच नाही, निघतो तो त्याच्या वरच्या पटींतला आवाज. त्यामुळे छोट्या हॉलमध्ये खर्ज पूर्ण चढवणारा माणूस अ‍ॅम्पची ताकद वाया घालवतो आणि वर तक्रार करतो की बेस ऐकू येत नाही. ऐकू यायला २५० ते ८०० हर्ट्झचा मधला पट्टा लागतो. म्हणून माझं मत विचाराल तर दोन पट्ट्यांच्या प्रीअ‍ॅम्पपेक्षा मिडचा नॉब असलेला तीन पट्ट्यांचा घ्यावा.

नऊ व्होल्ट की अठरा?

दोन बॅटऱ्या जोडून १८ व्होल्ट दिले की आवाज मोठा होतो, असं दुकानात हमखास सांगतात. होतो तो मोठा नाही, मोकळा.

थोडं गणित करू. डेसिबल हे पटीत मोजायचं माप आहे, दर ६ डेसिबलला व्होल्टेज दुप्पट. नॉब १८ डेसिबलपर्यंत चढवला तर त्या पट्ट्यातला सिग्नल आठपट होतो. पिकअपवर बोटाचा जोरदार फटका अर्धा व्होल्ट देतो असं धरलं, तर बोर्डाला ४ व्होल्टपर्यंत हलावं लागेल. बॅटरी ९ व्होल्टची असली तरी बोर्डातली चिप ४.५ व्होल्ट हा मध्य धरून वरखाली हलते आणि दोन्ही टोकांना साधारण दीड व्होल्ट सोडते. हाती राहतात ३ व्होल्ट. चाराची लाट तिनात मावत नाही, माथा छाटला जातो आणि आवाज फाटतो. बॅटरी उतरून ७ व्होल्टवर आली की ही जागा २ व्होल्टच उरते. सुरुवातीच्या प्रसंगातला 'आधी फाटका, मग गप्प' हा क्रम इथून येतो.

१८ व्होल्ट दिले की ही जागा साडेसातपर्यंत जाते. पण बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तरच. चिप कदाचित टिकेल, बोर्डावरचे १६ व्होल्टपर्यंतच सोसणारे कपॅसिटर टिकणार नाहीत. त्यापेक्षा खर्ज थोडा उतरवा आणि पिकअप तारांपासून जरा खाली घ्या. यात पैसे लागत नाहीत.

बसवायला घेण्याआधी

उदाहरणाला जॅझ बेस घेऊ, कारण सर्वाधिक प्रयोग त्याच्यावरच होतात. त्याच्या धातूच्या प्लेटवर दोन व्हॉल्यूम, एक टोन आणि जॅक अशी चार भोकं असतात. नवी मांडणी साधारण अशी: पहिल्या भोकात व्हॉल्यूम, दुसऱ्यात दोन पिकअपचा तोल साधणारा ब्लेंड, तिसऱ्यात एकावर एक बसलेला खर्ज-ट्रेबलचा दुहेरी नॉब, चौथ्यात जॅक. स्वस्त गिटारच्या प्लेटची भोकं लहान असतात आणि मोठे पॉट त्यांत शिरत नाहीत, म्हणून किट मागवण्याआधी मोजून घ्या. पॉट म्हणजे नॉबखालचा फिरता रोधक.

खरी पंचाईत बॅटरीच्या जागेची. जॅझ बेसचा कप्पा अरुंद असतो. बोर्ड, पॉट आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी एकत्र कोंबली तर झाकण बसत नाही. बसलंच तर बॅटरीची टोकं प्लेटला किंवा शिल्डिंगच्या, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणाऱ्या, तांब्याच्या पट्टीला टेकून शॉर्ट होण्याची भीती. कोंबायचीच असेल तर फोममध्ये गुंडाळून ठेवा. कायमचा उपाय म्हणजे मागच्या बाजूने लाकूड कोरून बॅटरी बॉक्स बसवणं. लाकूड कोरायचं राउटर मशिन हातात धरायची सवय नसेल तर हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे किंवा चांगल्या सुताराकडे द्या. कोरलेलं लाकूड परत भरून येत नाही.

सामान फार लागत नाही: सोल्डरिंग आयर्न, रोझीन असलेली सोल्डर वायर, मल्टिमीटर आणि एक स्टिरिओ जॅक. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तापकीर गल्ली, एका फेरीत सगळं मिळतं. जुनं वायरिंग तोडण्याआधी त्याचे फोटो काढून ठेवा.

सगळी गंमत जॅकमध्ये

प्रीअ‍ॅम्पवाल्या गिटारला वेगळं स्विच नसतं. स्विचचं काम जॅक करतो. साध्या जॅकला दोन पाय असतात: टोकाचा सिग्नलचा आणि बाहेरच्या नळीचा, म्हणजे ग्राउंडचा. स्टिरिओ जॅकला मधल्या कडीचा तिसरा पाय असतो. बॅटरीची काळी वायर या कडीच्या पायाला जोडतात. गिटारची नेहमीची मोनो केबल खुपसली की प्लगची लांब नळी कडी आणि ग्राउंड यांना जोडते आणि बॅटरी चालू होते. केबल काढली की बंद. म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायची.

पाय ओळखताना डोळ्यांवर विसंबू नका. जॅकमध्ये प्लग घाला आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप देतो त्या सेटिंगवर) ठेवून तपासा. प्लग घातल्यावर जे दोन पाय एकमेकांशी बीप देतात ते कडी आणि ग्राउंड. उरला तो सिग्नल. काळी वायर चुकून थेट ग्राउंडला लागली तर गिटार झकास वाजते, पण बॅटरी चोवीस तास जळत राहते. बोर्ड १ मिलिअँपिअर खात असेल आणि बॅटरी ५०० मिलिअँपिअर-तासांची असेल, तर ५०० तासांत, म्हणजे तीन आठवड्यांत ती संपते. दर महिन्याला बॅटरी लागते असं कोणी म्हणालं की पहिल्यांदा जॅक उघडून पाहावा.

बाकी जोडणी सरळ आहे. दोन्ही पिकअप ब्लेंडला, ब्लेंड बोर्डाच्या इनपुटला, बोर्डाचं आउटपुट जॅकच्या टोकाच्या पायाला आणि बॅटरीची लाल वायर बोर्डाला. वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे, म्हणून सोबतचा नकाशाच प्रमाण मानायचा. व्हॉल्यूम बोर्डाच्या आधी ठेवायचा की नंतर, हे किट ठरवतं. आधी असेल तर पॉट २५० किंवा ५०० किलोओहमचा असतो, नंतर असेल तर बहुधा २५ किलोओहमचा. हे पॉट अदलाबदल करू नका. पॅसिव्ह पिकअपवर २५ किलोओहमचा पॉट लावणं म्हणजे त्या अरुंद पाइपवरचा नळ पूर्ण सोडणं. आवाज दबका आणि मेलेला येतो.

पॉटच्या पाठीवर ग्राउंडचं सोल्डर धरत नाही ही नवख्यांची नेहमीची तक्रार. पाठ पॉलिश पेपरने थोडी घासा आणि पुरेशी तापू द्या. थंड धातूवर बसलेला सोल्डरचा थेंब वरून चकचकीत दिसला तरी आतून सुटा असतो. दुरुस्तीवाले याला ड्राय सोल्डर म्हणतात, आणि मध्येच येणाऱ्या-जाणाऱ्या आवाजाचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. ब्रिजखालून, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या धातूच्या पट्टीखालून, येणारी वायरही ग्राउंडला परत जोडायला विसरू नका.

बॅटरीची क्लिप उलटी टेकवून पाहण्याची अनेकांना सवय असते. ज्या बोर्डात संरक्षक डायोड नाही तो क्षणभराच्या उलट्या स्पर्शानेही जाऊ शकतो. बॅटरी बदलताना केबल काढलेली असली की सर्किट अपुरं राहतं आणि हा धोका टळतो.

आवाजच येत नाही

बोर्ड काढण्याआधी केबल पाहा. कोणी घाईत स्टिरिओ केबल लावली असेल, तर तिच्या प्लगला कडी वेगळी असते. ती ग्राउंडला भिडत नाही आणि बॅटरी चालूच होत नाही. दोन काळे पट्टे दिसले तर केबल स्टिरिओ, एक दिसला तर मोनो. स्टेजवरच्या केबलच्या ढिगात दोन्ही मिसळलेल्या असतात.

मग व्होल्टेज. मोनो प्लग आत ठेवून मल्टिमीटरचा लाल प्रोब बोर्डावर लाल वायर जिथे येते तिथे आणि काळा प्रोब ग्राउंडवर. प्लग काढून मोजलेली बॅटरी फसवते, कारण तेव्हा तिच्यावर भार नसतो. ९ च्या आसपास मिळालं तर वीज पोहोचते आहे. शून्य मिळालं तर क्लिप, कडीचा पाय किंवा बॅटरी. कोकण-गोव्याच्या दमट हवेत क्लिपच्या टोकांवर हिरवट थर चढतो, तो खरवडून पाहा.

वीज आहे आणि आवाज नाही, तर सिग्नलच्या मागावर निघायचं. अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम कमी ठेवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पिकअपला हलकेच टक करा. टक ऐकू आला तर सगळा मार्ग मोकळा आहे. नाही आला तर बोर्डाच्या इनपुटला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याच्या धातूला बोट लावा. घूंऽऽ असा आवाज आला तर बोर्ड आणि पुढचं सगळं ठीक, दोष ब्लेंड किंवा पिकअपच्या बाजूला. पिकअप सुटा करून मल्टिमीटरवर रोध पाहा. जॅझ बेसच्या पिकअपला ७ ते ८ किलोओहम दिसायला हवेत. शून्याजवळ दिसलं तर शॉर्ट, काहीच दिसलं नाही तर आतली वायर तुटली.

दोन्ही पिकअप एकत्र वाजवल्यावर आवाज पातळ आणि पोकळ होत असेल, खर्ज नाहीसा होत असेल आणि एकेकटा पिकअप मात्र भरदार वाजत असेल, तर एकाची लाट वर जाताना दुसऱ्याची खाली जाते आहे. कोणत्याही एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली की काम झालं.

घूं आणि स्स्स

प्रीअ‍ॅम्प लावल्यापासून गिटार घोंगावते, असं म्हणणाऱ्याला एक प्रश्न विचारावा: कोणत्या सुरात? आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची आहे. बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या पट्टीचा जी ४९ हर्ट्झचा. घोंगावणं त्या जीच्या जवळ किंवा एक सप्तक वर, मोकळ्या जी तारेजवळ असेल, तर ते मेनलाइनमधून आलेलं आहे. अमेरिकेत ६० हर्ट्झची वीज असल्याने तिथला घूं साधारण बीच्या जवळ जातो. बॅटरीवर चालणारा बोर्ड स्वतः असा सूर काढू शकत नाही. बाहेरून वायरींत शिरलेला तो मोठा करतो, एवढंच. बोर्डाचा स्वतःचा आवाज म्हणजे ट्रेबल चढवल्यावर येणारा बारीक स्स्स.

जॅझ बेसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. त्याच्या दोन पिकअपचे वेढे आणि चुंबक एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे दोन्ही सारखे चालू असताना घूं आपोआप मिटतो. ब्लेंड एका बाजूला पूर्ण फिरवला की परत येतो. हा या पिकअपचा स्वभाव आहे, तो आधीही होता.

तारांना हात लावल्यावर घूं कमी होत असेल तर ब्रिजची वायर ठीक आहे, कप्प्यात तांब्याची पट्टी चिकटवून ती ग्राउंडला जोडली की आणखी फरक पडेल. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकवर सिग्नल आणि ग्राउंड उलटे लागलेत का ते पाहा. गणपतीच्या मांडवात जनरेटर आणि दोन पिनांच्या एक्स्टेन्शनवर अर्थिंगच नसतं, तिथे दोष गिटारचा नसतोच. अशा ठिकाणी तारांना हात आणि माइकला ओठ लागला की झटका बसू शकतो. आयोजकांकडे अर्थिंगचा आग्रह धरा. घूं घालवायला तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढणारे असतात, त्यांना थांबवा.

नॉब फिरवताना करकर येत असेल तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. साफ करूनही बोर्डानंतरच्या व्हॉल्यूम पॉटवर करकर राहिली, तर बोर्डातून एकदिश वीज बाहेर झिरपते आहे आणि आउटपुटचा कपॅसिटर बदलायला हवा.

बॅटरी किती टिकते?

ते चिपवर अवलंबून. टीएल०७२ ही चिप साधारण २.८ मिलिअँपिअर खाते आणि शांत असते. तिची बहीण टीएल०६२ जेमतेम ०.४ खाते, पण स्स्स जास्त करते. ५०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर पहिली पावणेदोनशे तास चालेल, दुसरी हजाराच्या वर. बॅटरी घेताना लेबलवर ६एलआर६१ लिहिलेली अल्कलाइन घ्या. ६एफ२२ लिहिलेली स्वस्त झिंक-कार्बन लवकर उतरते आणि विसरली तर आत गळते. यूएसबीवर चार्ज होणाऱ्या नऊ व्होल्टच्या बॅटरीत व्होल्टेज वाढवणारं सर्किट असतं, त्याची किणकिण कधीकधी स्पीकरमधून ऐकू येते.

बोर्ड खरंच गेला तर

वीज पोहोचते, इनपुटला बोट लावून काही ऐकू येत नाही, जॅक तपासून झाला, तेव्हा कुठे बोर्डावर आरोप करायचा. चिप सॉकेटमध्ये असेल तर काही रुपयांत नवी बसते. बोर्ड राळेत बुडवून बंद केलेला असेल तर दुरुस्ती नाही, नवाच घ्यावा लागतो. आज रात्री कार्यक्रम असेल तर बोर्डाच्या इनपुटला येणारी वायर सोडवून थेट जॅकच्या टोकाच्या पायाला सोल्डर करा. २५ किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट वाटेत असेल तर त्यालाही वळसा घाला, आणि बॅटरीची क्लिप काढून ठेवा. खर्ज-ट्रेबलचे नॉब निकामी राहतील, आवाज थोडा उतरेल. तेवढा साउंडवाल्याला मिक्सरवर चढवायला सांगा.